वाढवलेली गोळी

१० मार्च

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडून टाकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. तेवढ्यात दोन ओळी तरी वाचशील.

तुझा निरोप डॉक्टरांकडून मिळाला. सख्ख्या बहिणींमध्ये दवाखान्याने मध्यस्थी करावी, इथपर्यंत आपली मजल गेली. तीस एप्रिलला तू येणार आणि बाबांना कायमचं घेऊन जाणार. तुझ्या घराजवळच्या वृद्धाश्रमात खोलीसुद्धा बघून ठेवलीस. खिडकी बागेकडे उघडते, असं डॉक्टर कौतुकाने सांगत होते. बाबांना बाग कशाला हवी? त्यांना उभ्या आयुष्यात एकच झाड माहीत, सागवान, आणि तेही फळी होऊन त्यांच्या दुकानात आलेलं.

तुझी अट मला मान्य आहे. सत्तावीस एप्रिलच्या तपासणीत डॉक्टरांनी 'हे एकटे राहू शकतात' असं लिहून दिलं तर खोली रद्द, नाहीतर बाबा तुझ्याबरोबर. पण 'बाबांचं डोकं आता चालत नाही, गोळ्या घ्यायचं विसरतात, म्हणून दोनदा चक्कर येऊन पडले' हे मला मुळीच मान्य नाही. त्यांचा औषधांचा डबा दर रविवारी मी माझ्या हाताने भरते. सात दिवसांचे सात कप्पे, प्रत्येकात सकाळ, दुपार आणि संध्याकाळचा खण. पुढच्या रविवारी डबा स्वच्छ रिकामा असतो. विसरणाऱ्या माणसाचा डबा असा नसतो. बावीस पेशंटांच्या घरी जाऊन मी त्यांची औषधं बघते, सोळा वर्षं हेच करते आहे, एवढं मला कळतं. आणि संध्याकाळची गोळी तर मी रोज समोर बसून देते.

वृद्धाश्रमाचं बाबांना मी सांगितलेलं नाही. तूच सांग. एरवी वाईटपणा माझ्या वाट्याला येतो, या खेपेला तुझी पाळी.

धाकटी


१८ मार्च

ताई,

तुझं उत्तर मिळालं. मोबाइलवर, दोन शब्दांत. 'पत्र मिळालं.' शब्दांची इतकी काटकसर तर बाबांनी खिळे मोजतानाही केली नाही.

रविवारच्या फोनवर तू त्यांना सांगितलंस. फोन ठेवून ते खुर्चीत बसले. मग मला म्हणाले, "तिथे आपल्या गोळ्या आपण घ्यायच्या, की ते आणून हातावर ठेवतात?"

मी म्हटलं, "ते देतात, बाबा."

"बरं," म्हणाले. मग उठून जेवणाच्या टेबलावर अंथरलेला कागद सारखा केला. सारखाच होता. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी हवापाण्यापलीकडे काही बोलले नाहीत. ताई, मला त्यांचं रागावणं चालतं, गप्प बसणं चालत नाही.

तब्येतीचं खरं सांगते. सकाळी नाडी एकशे चार लागली. पावलं सुजलेली असतात, मोज्यांचे वळ उमटतात. दोन जिने चढताना मध्ये तीनदा थांबतात आणि मी बघते आहे असं दिसलं की कठडा तपासल्यासारखं करतात. डॉक्टर बुचकळ्यात पडलेत. "हृदयाचे ठोके आवरायची ही गोळी सगळ्यांना लागू पडते. इस्पितळात असताना यांनाही पडते. घरी आले की काय होतं?" असं मलाच विचारतात. मी काय सांगणार? मला ठाऊक असतं तर तुझं तोंड केव्हाच बंद केलं असतं.

ऑगस्टमध्ये इस्पितळाच्या व्हरांड्यात तू जे बोललीस ते मी विसरलेले नाही. "जगाच्या गोळ्या सांभाळतेस आणि घरच्यांच्यात घोळ घालतेस." बाबा आत पडले होते, दार उघडं होतं, माझ्या ऑफिसातली बाई बाजूला उभी होती. त्यावर मी जे बोलले तेही तू विसरली नसशील. वर्षातून दोनदा उगवणाऱ्या पाहुण्यांनी घरच्यांना शहाणपण शिकवू नये, वगैरे. बोलून झाल्यावर मला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं जेमतेम जिना उतरेपर्यंत टिकलं.

धाकटी


२५ मार्च

ताई,

हे पत्र बसून वाच.

आधी माझं पाप. संध्याकाळची गोळी मी रोज समोर बसून देते, असं तुला लिहिलं होतं. ते खोटं होतं. संध्याकाळी मला दुसरे सात पेशंट असतात. बाबांकडे मी सकाळी जाते, तीही धावतपळत, एक पाय दारातच ठेवून. "संध्याकाळचं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ना, बाबा?" असं विचारायचं, ते "हो" म्हणायचे, की मी पसार.

पेशंटच्या घरी गेल्यावर आमचा पहिला नियम काय, माहीत आहे? सांगू नका, करून दाखवा. गोळी कुठली, कशी काढता, किती घेता, माझ्यासमोर घ्या. दम्याच्या औषधाचा फवारा बगलेत मारणारे काका मी असेच पकडले होते. हा नियम मी बावीस घरांत पाळते. तेविसावं घर माझ्या बापाचं, तिथे मात्र पाळला नाही. वडिलांना काय करून दाखवा म्हणायचं, असं वाटायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

काल मी सगळे संध्याकाळचे पेशंट मैत्रिणीच्या गळ्यात घातले आणि सहाला बाबांकडे जाऊन बसले. म्हटलं, "बाबा, आज मी नर्स. संध्याकाळची औषधं कशी घेता, करून दाखवा."

त्यांना मजा वाटली. दुकानातल्यासारखे सरसावून बसले. मंगळवारचा खण उघडला, दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या. गुलाबी, कोलेस्टेरॉलची, तोंडात टाकली, वर पाणी प्यायले. आणि पांढरी लांबट, ठोके आवरायची, सवयीने शर्टाच्या खिशात टाकली.

मी म्हटलं, "ही?"

"ही वाढवली ना."

"वाढवली म्हणजे? दाखवा की कशी वाढवली."

त्यांनी खिसा थोपटला. म्हणाले, "अगं, वाढवली. जूनपासून. डॉक्टरांनीच सांगितलंय."

ताई, आठव. शाळेतून आल्यावर आपण दोघी डबा घेऊन दुकानात जायचो आणि खिळ्यांच्या पोत्यावर बसून वाट बघायचो. आठ वाजले की बाबा गल्ल्यावरून ओरडायचे, "चला, वाढवा!" आणि शटर खाली यायचं. बंद करा असं त्यांनी पन्नास वर्षांत एकदाही म्हटलं नाही. दुकान कधी बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं.

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळची गोळी वाढवा. अर्धीची एक करा, एवढाच त्याचा अर्थ. बाबांनी त्या दिवसापासून संध्याकाळची गोळी वाढवली, म्हणजे शटर ओढलं. मी विचारायचे, "संध्याकाळची वाढवली ना?" ते म्हणायचे, "हो, वाढवली." दवाखान्यात डॉक्टर विचारायचे, "काका, वाढवलीत ना?" बाबा म्हणायचे, "वाढवली की!" माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'संध्याकाळची वाढवली, रुग्णाला नीट समजलं आहे.' खाली माझी सही. नऊ महिने आम्ही तिघंही एकच शब्द बोलत होतो आणि तिघांनाही वाटत होतं, सगळं आलबेल आहे.

म्हणजे बाबा विसरत नव्हते, ताई! एक दिवससुद्धा विसरले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं असं त्यांना जे वाटलं, ते त्यांनी घड्याळ लावून पाळलं. डोकं चालत नाही म्हणालीस ना? आपल्या सगळ्यांच्यात एकच डोकं चालू होतं, ते त्यांचं.

आणखी आहे. पण आता उशीर झालाय, उद्या लिहिते.

धाकटी


२६ मार्च

ताई,

राहिलेलं लिहिते. खिशातली गोळी पुढे कुठे जाते, ते मी विचारलं. बाबांनी दुकानातून घरी आणलेलं ते लहान लहान ड्रॉवरचं कपाट उघडलं. दोन इंची स्क्रू, दीड इंची स्क्रू, वायसर, आणि सगळ्यात खालच्या, चिठ्ठी नसलेल्या ड्रॉवरमध्ये पांढऱ्या गोळ्या. मी मोजल्या. दोनशे छप्पन्न. इस्पितळातले एकवीस दिवस सोडले तर जूनपासूनची एकूण एक संध्याकाळ. इस्पितळात का घेत होता, असं विचारलं तर म्हणाले, "त्यांचं दुकान, त्यांचा कायदा."

मी भडकले. "बाबा, बंद झालेली गोळी मी दर आठवड्याला डब्यात भरतेय, हे दिसत होतं ना तुम्हाला? मग एका शब्दाने बोलला का नाहीत?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "आधी वाटलं, सांगावं. पण तू नेहमी घाईत. मग ऑगस्टात ताई तुला तसं बोलली. मी ऐकलं सगळं. म्हटलं, पोरीकडून खरंच होतोय घोळ. एक गोळी जास्त पडते तिच्याकडून. कोणाला कळलं तर नोकरी जाईल तिची. मी गुपचूप काढून ठेवत गेलो."

ताई, तो माणूस सात महिने माझी चूक झाकत होता. न केलेली चूक. पाय सुजले, ठोके चुकले, जिन्यात तोल गेला, फेब्रुवारीत डोक्याला चार टाके पडले आणि तरी त्यांनी तो ड्रॉवर उघडला नाही. मी त्यांच्यासमोर लहान मुलीसारखी भोकाड पसरून रडले. ते घाबरले. मला पाणी दिलं आणि म्हणाले, "जाऊ दे गं, गोळ्या सगळ्या शाबूत आहेत."

आज सकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. जुन्या गोळ्या परत घेतल्या. एकदम पूर्ण गोळी चालणार नाही म्हणाले. तीन आठवडे अर्धी, मग एक.

आता एक गोष्ट. जूनमध्ये बाबांना घेऊन दवाखान्यात कोण गेलं होतं? तू. घरी येऊन "बाबा, डॉक्टर म्हणालेत, संध्याकाळची गोळी वाढवायची" हे कोण बोललं? बाबांना शब्दन्‌शब्द आठवतं. मला बजावलंय की हे तुला कळवायचं नाही. मी कळवतेय. पहिल्यांदा सुचलं तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! सात महिन्यांचं उट्टं एका वाक्यात निघणार होतं. ते वाक्य मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा खोडलं. त्या खोडाखोडीसकटच पाठवतेय, कारण आपल्यात आता काही झाकून ठेवायचं नाही. झाकाझाकीने या घराचं काय झालं ते आत्ताच बघितलं.

धाकटी


१६ एप्रिल

ताई,

तीन आठवडे तुझा ना फोन, ना तो दोन शब्दांचा निरोप. मी तुझी विचारपूस करणार नाही, बातम्या देते. बातम्या चांगल्या आहेत आणि मला कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नाडी चौऱ्याऐंशी. आजपासून पूर्ण गोळी. पावलांची सूज उतरली, जुन्या चपला परत बसायला लागल्या. काल जिन्यात फक्त एकदा थांबले, तेही शेजाऱ्यांना त्यांची कडी चुकीच्या बाजूला बसवलीय हे सांगायला.

डब्यावर आता बाबांचं राज्य आहे. रविवारी तेच भरतात, मी फक्त बघते. पहिल्या रविवारी माझा हात मध्ये गेला तर चापट मारली. प्रत्येक गोळी कशासाठी, कधी, किती, हे सगळं जाड पुठ्ठ्यावर दुकानातल्या पाटीसारखं ठसठशीत लिहून ठेवलंय. त्यात एकही क्रियापद नाही, नुसते आकडे. संध्याकाळी सात वाजता मला फोन करतात आणि "झालं" एवढंच बोलून ठेवतात. तीन शब्द बोललो तर गिऱ्हाईक डोक्यावर बसतं, असं त्यांचं मत.

माझ्या ऑफिसात मी सगळं सांगितलं. माझ्या सहीसकट. वाटलं होतं, आता चांगलीच खरडपट्टी निघणार. पण आमची मोठी बाई म्हणाली, "हे सगळ्यांना सांग." आता आमच्या वह्यांत 'गोळी वाढवली' असं लिहायला बंदी आहे. अर्धीची एक, एकाची दोन, असंच लिहायचं. मग आम्ही सगळ्यांनी आपापली घरं नव्याने तपासली. एका मास्तरीणबाईंना कॅल्शियमची मोठी गोळी पाण्यात सोडून प्यायला सांगितलं होतं. बाईंनी गोळी साफ सोडून दिली होती. चार महिने. वर मलाच विचारलं, "सोडा म्हणालात ना?" मी त्यांच्या दारातच खो खो हसत सुटले. आता रोज सकाळी विरघळवून घेतात.

सत्तावीसला तपासणी. मला धाकधूक आहे. बाबांना नाही. किंवा असेल, पण ते दाखवतील तर ना.

धाकटी


२८ एप्रिल

ताई,

काल काय काय झालं ते तुला फोनवर तुकड्यातुकड्यांत कळलंच. आता सलग ऐक.

डॉक्टरांनी आधी छाती तपासली, मग हृदयाचा आलेख काढला, मग नाडी. बहात्तर. पुन्हा मोजली. बहात्तरच. मग मला म्हणाले, "तुम्ही गप्प बसा. काकांशी बोलायचंय." आणि गोळ्यांच्या दहा पट्ट्या टेबलावर उलट्यापालट्या टाकल्या. त्यांतल्या तीन बाबांच्या नव्हत्याच.

बाबांनी चष्मा लावला. एकेक पट्टी उचलून बघितली, आपल्या सात एका रांगेत लावल्या आणि बाकीच्या तीन बोटाने डॉक्टरांकडे सरकवल्या. "हा माल आमचा नाही." मग त्या सातही गोळ्यांची कामं सांगितली. सकाळ, दुपार, संध्याकाळ. एकही चूक नाही. मी टेबलाखाली स्वतःचा अंगठा चेपून धरला होता.

डॉक्टरांनी शेवटचा पेच टाकला. "समजा, संध्याकाळची एखाद दिवशी विसरलात. मग दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या?"

बाबा म्हणाले, "कालचं गिऱ्हाईक काल गेलं. आज आजचं."

डॉक्टर इतके हसले की बाहेरची बाई दार उघडून बघून गेली. मग कागद ओढला आणि विचारलं, "काका, औषधं कोण देतं म्हणून लिहू?"

"देणारं कोणी लागत नाही," बाबा म्हणाले. "मी घेतो."

ताई, तो कागद माझ्यासमोर आहे. 'स्वतःची औषधं स्वतः अचूक घेतात. एकटे राहू शकतात.' आणि सही. मी बावीस घरांत सोळा वर्षं झिजले, मला कोणी साधं प्रशस्तिपत्रक दिलं नाही. पण या दोन ओळी मला पुरतात. दवाखान्याच्या पायऱ्या मी उड्या मारत उतरले. बाबा मागून म्हणाले, "सावकाश. पडशील."

तेव्हाच तुझा फोन आला. आठ महिन्यांनी माझा फोन तुझ्या नावाने वाजला आणि मी ते नाव दोनदा वाचून मग उचलला. तू रडत होतीस. मी जिंकल्याची बातमी ओरडून सांगितली, तू आणखी रडलीस, आणि मग विचारलंस, "म्हणजे दोन्ही वेळा बाबा माझ्या शब्दामुळे पडले?" मी पत्रात लिहिते म्हटलं आणि फोन ठेवला. रस्त्यात उभं राहून मला बोलता येत नव्हतं.

तर उत्तर. हो, शब्द तुझा होता. पण त्याआधी तो डॉक्टरांचा होता आणि तुझ्यानंतर नऊ महिने रोज सकाळी तो माझा होता. तू एकदा बोललीस, मी अडीचशे वेळा बोलले, आणि मी तर यासाठीच पगार घेते. तू जूनमधल्या त्या आठवड्यात बाबांना दवाखान्यात घेऊन गेलीस, औषधं आणलीस, निरोप जसाच्या तसा पोचवलास. पोचवण्यात तुझी चूक नव्हती. मला व्हरांड्यात बोललीस ती होती. मी उलट बोलले ती माझी. या दोन चुकांची माफी आपण एकमेकींकडे मागू, समोरासमोर. मी आधी मागेन. तू मोठी असलीस तरी मी जास्त वाईट बोलले होते.

मला तू हवी आहेस, ताई. हे मी याआधीच्या पाचही पत्रांत लिहायला हवं होतं.

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. त्यांना खाली स्वतः काही लिहायचंय म्हणे. कागद त्यांच्याकडे देते.

धाकटी

ताई,

धाकटीने वाचून दाखवलं. फार लांबलंय. मी पडलो तो माझ्या पायांनी पडलो. त्याचं श्रेय तुम्हा दोघींपैकी कोणी घेऊ नये. खोली रद्द केलीस का ते कळव, गरज असलेल्याला मिळू दे. तीस तारखेला मात्र ये. तुझी गाडी पाच वाजता पोचते, मी चौकशी केली. स्टेशनवर मी एकटा येईन, धाकटीला आणणार नाही. सामान कमी आण आणि वाटेत कोणाशी बोलत उभी राहू नकोस. सातच्या आत घरी पोचायला हवं, माझी गोळी असते.

बाबा